बाबांच्या पायथ्याची जागा

मी अठ्ठावीस वर्षं देवरूखच्या एका शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर नकाशा टांगायचा, वर उत्तर, खाली दक्षिण, उजव्या हाताला पूर्व. हे मी इतक्या पोरांच्या डोक्यात घातलंय की त्यांतल्या काहींची पोरं आता कॉलेजात आहेत. आणि मीच माझ्या सख्ख्या बापाची कबर उलट्या दिशेला खणून घेतली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्याशा मंडळीत ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. माझ्या आईला त्यावर हसू यायला एक वर्ष लागलं.

आमच्या ख्रिस्ती लोकांत मेलेल्या माणसाला झोपवायची एक रीत आहे. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील, आणि उठून बसलेल्या माणसाचं तोंड आपोआप पूर्वेकडे असेल. प्रभू तिकडून येणार, असं आमची जुनी माणसं मानत आली. कबर कुठल्या दिशेला खणावी याचा नियम काही शास्त्रात दिलेला नाही. पण लग्नात अक्षता टाकाव्यात असं तरी कुठल्या कायद्यात लिहिलंय? आमच्या कबरस्तानात उभं राहिलं की पश्चिमेला खाली समुद्राची पट्टी दिसते. आमचे सगळे मेलेले समुद्राकडे डोकी करून, डोंगराकडे तोंडं करून ओळीने झोपलेत. क्रूस प्रत्येकाच्या उशाशी, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला.

जिवंतपणी मात्र आमच्या घरात सगळं याच्या नेमकं उलट होतं. शेजारपाजार सगळा हिंदू. आईने लग्न होऊन आल्यावर शेजारणींकडून जसं आमसुलाचं सार उचललं तशीच झोपायची शिस्तही उचलली. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. दक्षिणेला पाय केलेले तर तिला मुळीच खपायचे नाहीत. "आपल्यात नसतं गो ते," असं बाबा कधीतरी म्हणायचे, पण म्हणेपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असायचा. बाबांची झोप प्रसिद्ध होती. भाट्याला नारळाच्या रोपवाटिकेत ते कामाला होते, दिवसभर उन्हात वाकून नारळ लावायचे, आणि रविवारी चर्चच्या पंख्याखाली बसले की उपदेशाच्या तिसऱ्या वाक्याला त्यांची मान खाली यायची. आई त्यांना कोपराने ढोसायची. ते डोळे न उघडता "आमेन" म्हणायचे. कधी कधी ते बरोबर जागीही पडायचं.

सकाळी त्यांना उठवणं हे आईचं रोजचं काम. गजर वाजून वाजून थकायचा, शेजारचे जागे व्हायचे, बाबा नाहीत. मग आई स्वयंपाकघरातून एकच हाक मारायची, "अहो!" मोठ्याने नाही, साधीच. ते लगेच उठून बसायचे. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. मी कितीदा तरी तिच्या आवाजात "अहो" म्हणून बघितलं, उपयोग शून्य.

बाबा गेले ते एका मे महिन्यात, कोरोनाचे दिवस नुकतेच सरले होते तेव्हा. पहाटे झोपेतच गेले. त्या दिवशी आईची हाक पहिल्यांदा फुकट गेली. मी एकुलती एक. लग्न केलं नाही, त्यामुळे मुलाची आणि जावयाची दोन्ही कामं माझ्याच वाट्याला. घरात बायका आईभोवती बसल्या आणि मी कबर खणून घ्यायला गेले.

आमचं कबरस्तान कातळावर आहे. मातीची जमीन असती तर चौकोनी खड्डा खणून मोकळं होता आलं असतं. इथे वरची वीतभर माती सरली की जांभा दगड लागतो आणि मग पहारीच्या प्रत्येक घावाला घाम. म्हणून आमच्याकडे कबर शवपेटीच्या मापानेच कोरतात, खांद्यापाशी रुंद, पायाकडे निमुळती. एक इंच जास्त कोणी फोडत नाही. चिरेखाणीवर काम करणारा एक मिस्त्री वर्षानुवर्षं आमच्या कबरी खणतो. आतल्या एका गावचा माणूस, हिंदू, कमी बोलणारा. त्याने पेटीचं माप घेतलं, दोरी टाकली आणि मला विचारलं,

"बाई, डोका कनच्या अंगाला धरू?"

माणूस दरवेळी हे विचारतो, कारण एकदा खांदे कोरले की ते बदलता येत नाहीत. एरवी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी कोणीतरी तिथे असतं. त्या दिवशी एक पंच लोट्याला मुलाकडे गेलेले, दुसरे पेटीसाठी सुताराकडे. मी एकटी. ऊन चढलेलं. डोळ्यांसमोर फक्त पहाटेचे बाबा होते, कुशीवर, एक हात उशीखाली. मिस्त्रीने डोकं कुठे विचारलं आणि मी बाबांचं डोकं जिथे असायचं तिकडे बोट दाखवलं. पूर्वेला.

त्याने एकदा शेजारच्या क्रूसाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. "नक्की ना?" तो म्हणाला. मी भूगोलाची शिक्षिका. मला दिशा विचारायची म्हणजे काय! "नक्की," मी जरा ठसक्यातच म्हणाले.

संध्याकाळी चारला सगळी मंडळी जमली. गाणं झालं, प्रार्थना झाली, चौघांनी दोऱ्यांवर पेटी तोलली आणि रीतीप्रमाणे पाय पूर्वेला करून खाली सोडली. हातभर खाली गेली आणि अडली. खांदे निमुळत्या बाजूला आले होते. पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा अडली. कोणीतरी मिस्त्रीवर खेकसलं. तो काही बोलला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. हे त्याचे माझ्यावरचे उपकार. मीच म्हणाले, "त्याची चूक नाही. मी सांगितलं होतं." कातळ पुन्हा फोडायचा तर अर्धा दिवस जाणार, आणि मे महिन्याचं ऊन थांबणार नव्हतं. पाळकसाहेब, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा तरुण मुलगा, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "फिरवा."

पेटी फिरवली आणि कुलपात किल्ली जावी तशी आत गेली. आईने ते सगळं बघितलं. मूठभर माती टाकली. नंतर बाबांच्या उशाशी क्रूस लागला तेव्हा तर चूक लांबूनही दिसायला लागली. सगळ्या ओळीचे क्रूस समुद्राच्या टोकाला आणि बाबांचा एकट्याचा डोंगराच्या टोकाला. रांगेत एकाने पाठ फिरवून उभं राहावं तसा.

मला वाटलं होतं, आई रडेल, मला बोलेल आणि विषय संपेल. ती बोलली नाही. नेहमीसारखी उठायची, चहा करायची. फक्त कधी कधी भाजी निवडता निवडता हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गो."

त्याच पावसाळ्यानंतर आमच्या चर्चमध्ये तीन दिवसांची संजीवन सभा ठेवली. विषय शेवटचा काळ. बाहेरगावचे एक वक्ते आले होते, आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. त्यांनी भिंतीवर एक भलामोठा कापडी तक्ता टांगला. एका टोकाला एदेनबाग, दुसऱ्या टोकाला नवं यरुशलेम, आणि मधे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले पशू, शिक्के, कर्णे, वाट्या, धुराचे लोट. रोगराई झाली, लढाया चालल्यात, आता उरलंय काय, असं म्हणून ते छडीने तक्त्याच्या शेवटाजवळ टकटक करायचे. मी शिक्षिकेच्या नजरेने बघत बसले. त्या नकाशाला प्रमाण नव्हतं, दिशा दाखवणारा बाण नव्हता, सूची नव्हती. माझ्या सातवीच्या वर्गातल्या पोराने असा काढला असता तर मी दहापैकी तीन दिले असते.

बाबा असते तर झोपले असते. हे मी आईच्या कानात सांगायला वळले आणि तिचा चेहरा बघून गप्प झाले. वक्ते सांगत होते, त्या दिवशी दोनच प्रकारची माणसं असतील, येणाऱ्या राजाकडे तोंड केलेली आणि पाठ केलेली. ते आपले मनाच्या तोंडाबद्दल आणि मनाच्या पाठीबद्दल बोलत होते, एवढं आईलाही कळत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर खरी पाठ होती. पांढरा शर्ट घातलेली, भाट्याच्या उन्हाने मानेपाशी काळी पडलेली.

सभा संपल्यावर घरी आलो आणि तिने पदराने तोंड पुसून मला विचारलं, "बाय, कबर पुन्हा उघडता येते काय?"

मला आधी कळलंच नाही. मग ती हळूहळू बोलली. सहा महिने साठवलेलं सगळं बोलली. कर्णा वाजेल तेव्हा सगळी ओळ उठेल आणि पूर्वेकडे बघेल. हे एकटे समुद्राकडे तोंड करून बसतील. आधीच यांची झोप अशी. कर्णा ऐकून उठतील की नाही याचीच खात्री नाही. उठले तरी समोर पाणी बघून वाटेल, अजून काही झालेलं नाही, आणि पुन्हा आडवे होतील. आणि प्रभू मागे उभा.

मी हसले. माझा स्वभाव वाईट, मला नको तिथे हसू येतं. आई हसली नाही. "तुला हसायला काय जातं," ती म्हणाली, "मला सगळं दिसतं." तिच्या या सहा महिन्यांना कारण मी होते. मी दाखवलेलं एक बोट.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. त्यांच्याशी आमच्या ख्रिस्ती रीतीचा "सलाम" झाला, चहा झाला, आणि आईने सरळ विचारलं. मला भीती होती की हा तरुण मुलगा तिला अंधश्रद्धा वगैरे सुनावेल. त्याने तसं केलं नाही. कबर उघडायची तर सरकारी परवानगी लागते, असं आधी सांगितलं. मग म्हणाला, "आई, समुद्रात बुडालेल्यांची कबर कुठल्या दिशेला असते? जळून गेलेल्यांची? त्यालाच सगळ्यांना शोधायचंय. दिशेवर अडून बसला तर कसं चालेल?" आई मान हलवत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग त्याने न्यायाबद्दल सांगितलं. आपण न्यायाच्या दिवसाला भितो ते न्यायाधीश अनोळखी असेल असं समजून. पण तिथे बसणारा आपल्या ओळखीचा आहे, त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. आपली आशा एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

मला ते फार आवडलं. चाळीस मिनिटांच्या उपदेशात त्याने कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आईने कपबशी खाली ठेवली.

"ओळखीचा आहे म्हणूनच लाज वाटते ना," ती म्हणाली. "परका आला आणि आपण पाठमोरे असलो तर एकवेळ चालतं. घरचं माणूस दारात आलं आणि यजमान पाठ करून बसलेत, हे बरं दिसतं का? शिक्षेचं मला भय नाही, साहेब. हे वाईट माणूस नव्हते. पण त्यांना कोणी सांगायला नको का, की अहो, मागे बघा, कोण आलंय?"

पाळकसाहेब म्हणाले, "मी प्रार्थना करतो," आणि खरोखरच केली.

पुढे ईस्टर आला. त्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात उपासनेला जमते. मेणबत्त्या लावून, कबरींच्या मधे उभं राहून, पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट बघायची. आई बाबांच्या कबरीपाशी उभी होती. उजाडता उजाडता माझं लक्ष कबरीच्या कडेकडे गेलं. बाबांबरोबर काम केलेल्या कुणीतरी तिथे कडेच्या मातीत एक नारळ रुजत घातला होता, आणि त्याला हिरवा कोंब आला होता. नारळ ठेवणाऱ्याने तो घाईत उलटाच ठेवला होता, डोळे खाली. कोंब खालून निघून, वळसा घेऊन, वर आला होता.

मला बाबांचं बोलणं आठवलं. रोपवाटिकेत नव्या माणसाने नारळ उलटा लावला की बाकीचे ओरडायचे. बाबा म्हणायचे, "राहू दे रे. त्याला वर कुठं ते कळतं. थोडा उशीर लागेल, एवढंच." मी आईला तो कोंब दाखवला आणि या वाक्याची आठवण करून दिली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. असा दृष्टान्त तर वक्त्यांच्या तक्त्यावरही नव्हता.

आई वाकली, कोंबाला हात लावला. "कळतं खरं," ती म्हणाली. "पण उशीर लागतो, हेही तेच म्हणायचे." आणि ती उठून कबरीच्या पायथ्याशी गेली, जिथे आमच्या ओळीचा शेवट होतो. तिथे गुडघाभर उंचीचा जांभ्याचा गडगा आहे, नुसते दगडावर दगड रचलेला बांध, आणि त्याच्या पलीकडे खालच्या टप्प्यावर मोकळी जागा. एक काजूचं झाड सोडलं तर काही नाही. ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. सूर्य वर आला, सगळे गायला लागले, तरी ती तिकडेच बघत होती.

महिन्याभराने तिने पंचांना चिठ्ठी लिहिली. माझ्या मृत्यूनंतर मला यजमानांच्या शेजारी नको, त्यांच्या पायथ्याशी, गडग्याच्या पलीकडे जागा द्यावी. कबर मात्र रीतीप्रमाणे असावी, डोकं पश्चिमेला. खाली सही.

त्या चिठ्ठीवर बैठक झाली. नवराबायकोच्या कबरी शेजारी शेजारी असतात. गडग्याखाली आजवर कोणाला पुरलेलं नव्हतं. एक पंच म्हणाले, ओळ मोडते. दुसऱ्यांनी मात्र चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनींनी पतीच्या चरणांशी जागा मागितली. आजच्या काळात अशी नम्रता कुठे बघायला मिळते?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. परवानगी मिळाली. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक, पण त्या रविवारी त्याच पंचांनी उभं राहून सगळ्या मंडळीला तिचं उदाहरण सांगितलं, आणि तरुण बायकांकडे खास बघून सांगितलं. आई खाली मान घालून बसली होती. मी तिच्या शेजारी आतल्या आत धुमसत होते.

रिक्षात बसल्यावर मी सुरू झाले. "जन्मभर त्यांच्या आधी उठलीस, त्यांच्या नंतर जेवलीस. आता मेल्यावरही पायाशी? आणि त्या काकांना काय जातंय, त्यांच्या बायकोने एक दिवस तरी त्यांचं ऐकलंय का?" रिक्षावाला आरशातून बघायला लागला. आई मला बोलू देत होती. माझा दम संपल्यावर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पायाशी नव्हे गो," ती म्हणाली. "समोर."

मी तिच्याकडे बघितलं.

"त्यांचं डोकं डोंगराला, तोंड समुद्राला. माझं डोकं समुद्राला, तोंड डोंगराला. पायाला पाय. कर्णा वाजला की मी उठेन, माझी झोप सावध. उठून बसले की समोर कोण? हेच. मग हाक मारेन. कर्ण्याने नाही उठले तर माझ्या हाकेने उठतील. आणि मला बघून म्हणतील, चहा झाला काय? मी म्हणेन, अहो, मागे बघा, कोण आलंय." आणि ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली.

"मग हे पंचांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर शास्त्रात दाखला कुठाय विचारलं असतं. नम्रतेला दाखला लागत नाही."

मी पण हसले आणि मग रडले. माझ्या चुकीतून तिने आपल्यासाठी काम शोधून काढलं होतं. शेवटच्या दिवसाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आग, पुस्तकं उघडणं, मेंढरं आणि शेरडं वेगळी करणं. ते सगळं मी मानत होते, पण मनापासून वाट बघावी असं त्यात मला कधी काही सापडलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे व्हावं. ही बाई उठून त्यांना हाक मारताना मला बघायचीय.

त्यानंतर आई अगदी शांत झाली. संजीवन सभा पुन्हा झाली, तेच वक्ते, तोच तक्ता. आई पुढच्या बाकावर बसली आणि जाताना त्यांना आमसुलं बांधून दिली. मला म्हणाली, "भला माणूस आहे. जरा ओरडतो, पण लोकांना उठवायचं म्हणजे काय करणार? प्रत्येकाला साध्या हाकेने जाग येत नाही."

ती गेली ती दोन वर्षांनी, डिसेंबरात. नाताळच्या आधीचे ते चार रविवार, जेव्हा आम्ही प्रभूच्या पहिल्या येण्याची आठवण करतो आणि दुसऱ्या येण्याची वाट बघतो, त्यांतला दुसरा रविवार उलटून गेला होता. फार आजारी नव्हती. मी सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ती आमच्या नेहमीच्या उलट, पश्चिमेला उशी करून झोपलेली होती. रात्री केव्हातरी उठून तिने उशी फिरवली असावी. मला यात चूक होऊ नये म्हणून.

मिस्त्री आला. तोच. माप घेतलं, गडग्याच्या पलीकडे दोरी टाकली, आणि पहार हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला विचारायला संकोच वाटत होता. मीच समुद्राकडे बोट दाखवलं. "डोकं इकडे."

"नक्की ना, बाई?"

"नक्की."

संध्याकाळी पेटी एका दमात आत गेली. गाणं झालं, माती झाली, लोक पांगले. ते पंच जाताना माझा हात धरून म्हणाले, "शेवटी चरणांशी विसावल्या." मी "हो काका" म्हणाले. आईने शिकवलेलं थोडं तरी माझ्यात उतरलंय.

मिस्त्री हत्यारं गोळा करत होता. त्याने दोन्ही कबरींकडे बघितलं, वर बाबा, खाली आई, मधे गडगा. "बाई, येक इचारू?" तो म्हणाला. "नवराबायको बाजूबाजूला असतात तुमच्यात. ही अशी पायाला पाय कशाला?"

त्याला मी सगळं सांगितलं. पंचांना न सांगितलेलं, सगळं. कर्णा, झोप, हाक, चहा. हा माणूस आमच्या देवाचा नव्हे, कर्ण्याबिर्ण्याचं त्याला काही नाही. तो ऐकत होता. न हसता ऐकलं. मग पहार खाली ठेवली, आईच्या कबरीच्या पायथ्याशी उकिडवा बसला आणि त्या उंचीवरून वर बाबांच्या कबरीकडे बघितलं.

"दिसत नाय," तो म्हणाला. "गडगा मधी येतो."

तो उठला, आणि दोन्ही कबरींच्या मधला तेवढाच गडगा, एकेक चिरा काढून, बाजूला रचून ठेवायला लागला.